अवसरी खुर्दची लोकसंख्या आणि आपला रकाना



अवसरी फाट्यावर चहा पिताना अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने आम्हाला आपला मोबाइल दाखवला. कॉलेजच्या उपक्रमासाठी त्याला ‘गावाची माहिती’ लिहून द्यायची होती. त्याने इंटरनेटवरून एक पान काढले होते. गाव अवसरी खुर्द, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, पिनकोड, एकूण लोकसंख्या, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, साक्षरता इतकी, अनुसूचित जाती इतके टक्के, अनुसूचित जमाती इतके टक्के. तो म्हणाला, “दादा, एवढं बास ना?”

आम्ही विचारले, “यात तू कुठे आहेस?”

“मी इथला कुठे? मी नांदेडकडचा. शिकायला आलोय.”

“बरं, मग तुझ्या गावच्या पानावर कुठे आहेस?”

तो जरा थांबला. “एस.सी.मध्ये असेन.”

त्या ‘असेन’वर आम्ही अडकलो, आणि हा लेख त्या एका शब्दासाठी लिहीत आहोत. आपल्या तरुणांना कोरेगाव भीमाचा इतिहास तोंडपाठ आहे, संविधानाची कलमे तोंडपाठ आहेत. पण आपल्या गावाच्या लोकसंख्येत आपली नोंद कोणत्या रकान्यात, कोणत्या नावाने झाली आहे, हे विचारले की उत्तर ‘असेन’ असे येते. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून देशाची जनगणना होत आहे आणि तीत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. अशा वेळी ‘असेन’ म्हणून चालणार नाही.

आधी गाव कसे आहे ते पाहू.

खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे मोठे. एका नावाची दोन गावे शेजारी असली की वेगळी ओळखता यावीत म्हणून हे शब्द लागले. अवसरीही अशी जोडीची आहे, खुर्द आणि बुद्रुक. दोन्ही मंचरजवळ, आंबेगाव तालुक्याच्या बागायती पट्ट्यात. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठिकाण घोडेगाव आहे. धरणाच्या पाण्याने तालुक्याच्या पूर्व भागात ऊस, कांदा, टोमॅटो उभा राहिला. पश्चिमेच्या डोंगरातले महादेव कोळी, ठाकर, कातकरी मात्र मजुरीसाठी खाली उतरू लागले. एकाच तालुक्यात पाणी ज्यांच्या उशाशी साठले ते मजूर आणि पाणी ज्यांच्या शेतात आले ते बागायतदार, ही वाटणी गावाच्या कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

अवसरी खुर्दच्या हद्दीत शासकीय तंत्रनिकेतन आले आणि २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे हे गाव आता नुसते गाव राहिले नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या बाजूने भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकाने, चहाच्या टपऱ्या असे अर्धे उपनगर तयार झाले आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून मुले इथे येतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. उलट बाजूने, इथल्या वस्तीतली तरुण पोरे भोसरी-चाकणच्या कंपन्यांत आणि मुंबईत गेलेली. वस्तीतल्या अनेक घरांना कुलूप आणि कुलपाशेजारी निळा झेंडा, हे चित्र या तालुक्यात फिरणाऱ्या कोणालाही दिसेल.

एम.ए.ला आम्हाला ग्रामीण समाजशास्त्र होते. एम. एन. श्रीनिवास यांची ‘प्रभावी जात’ ही संकल्पना आम्ही परीक्षेत झकास लिहिली होती. जिच्याकडे जमीन, संख्या आणि सत्ता तिन्ही आहे ती जात गाव चालवते, असा तिचा सार. पण बाबासाहेबांनी त्याच्या आधीच, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, गाव हाच भारतीय राज्यव्यवस्थेचा पाया मानावा म्हणणाऱ्यांना उत्तर देताना गावाचे खरे रूप सांगून टाकले होते आणि संविधानाच्या मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याचे समाधान व्यक्त केले होते. अभ्यासकाला गाव बाहेरून दिसते. महारवाड्यातून आलेल्या माणसाला ते खालून दिसते. फरक एवढाच.

आता फाट्यावरच्या या नव्या उपनगरात काय चालते ते सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही एका विद्यार्थ्याला खोली बघून द्यायला गेलो होतो. घरमालक मोकळे, बोलके. खोली दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, लाइटबिल वेगळे म्हणाले, चहासुद्धा पाजला. मग आडनाव विचारले. आपल्यातली अनेक आडनावे मराठ्यांतही असतात. गायकवाड, जाधव, शिंदे, मोरे अशी यादी करावी तेवढी थोडी. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला. “म्हणजे नेमके कुठले? पाहुणे कोण तुमचे?” मुलाने सरळ सांगितले, “आम्ही बौद्ध.” मालकांचा आवाज काही चढला नाही. ते तितक्याच गोडीने म्हणाले, “अरे, ही खोली भावाच्या पोराला द्यायचं परवाच ठरलंय. मंडळी सांगायला विसरली बघा.” पंधरा दिवसांनी त्या खोलीत दुसराच विद्यार्थी राहत होता. त्याचे आणि मालकांचे पाहुणे जुळले असणार.

त्या दिवशी परत येताना तो मुलगा एक शब्द बोलला नाही. आम्हीही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे नवीन काही घडलेच नव्हते. पण एक गोष्ट मनात राहिली. जातनिहाय गणना केली तर जातिवाद वाढेल, असे टीव्हीवर बसून सांगणारे विद्वान आहेत. त्यांनी एकदा खोली शोधायला निघावे. घरमालकाने दोन प्रश्नांत जी जनगणना उरकली, तिला प्रगणक लागला नाही, फॉर्म लागला नाही, संसदेचा कायदा लागला नाही. समाज रोज जात मोजतो आणि मोजून माणसाला बाहेर ठेवतो. सरकारने मोजायचे ते आत घेण्यासाठी. या दोन मोजण्यांत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्याला एकतर खोली सहज मिळते किंवा खोलीची गरजच नाही.

वस्त्यांच्या नावांचेही असेच. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. निर्णय चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. ‘महारवाडा’ हा पत्ता पाकिटावर लिहिताना ज्याचा हात थांबला आहे त्याला या निर्णयाची किंमत विचारा. पण पाटी बदलल्यावर गटार कुठे संपते? पाण्याची टाकी कोणाच्या आळीत आहे? स्मशानभूमी एक आहे की दोन? पाटी लावणे एका दिवसाचे काम आहे. तिच्यामागच्या वस्तीसाठी निधी लागतो, निधीसाठी ठराव लागतो, ठरावासाठी ग्रामपंचायतीत माणूस लागतो आणि माणूस निवडून यायला जागा राखीव लागते. ती जागा कशावर ठरते? गावातल्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर!

आता मुद्द्यावर येतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार भरली. देशातल्या एकूण बौद्धांपैकी ७७ टक्के एकट्या महाराष्ट्रात. १९५१ साली इथे बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ च्या गणनेत ते २७ लाख ८९ हजार झाले. जगाच्या इतिहासात कागदावर उमटलेली एवढी मोठी क्रांती क्वचितच सापडेल. आपल्या आजा-पणजांनी, ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांनी प्रगणकासमोर उभे राहून ‘बौद्ध’ म्हणून सांगितले. आपण पदवीधर झालो आणि ‘असेन’वर आलो.

त्याच २०११ च्या गणनेत महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती १ कोटी ३२ लाख ७५ हजार होत्या. त्यांच्यापैकी धर्म बौद्ध लावलेले ५२ लाख ४ हजार. मग ६५ लाख ३१ हजार बौद्धांमधले उरलेले १३ लाखांहून अधिक बौद्ध कुठे गेले? ते अनुसूचित जातींत मोजलेच गेले नाहीत. त्यात काही आदिवासी बौद्ध असतील, काही इतर समाजांतून धम्मात आलेले असतील. पण गावोगाव फिरताना जे ऐकायला मिळते त्यावरून आमचे मत असे आहे की त्यातले बहुसंख्य आपलेच आहेत. जातीच्या रकान्यात त्यांनी ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ सांगितले आणि ती नावे अनुसूचित जातींच्या यादीत नसल्यामुळे ते यादीच्या बाहेर पडले.

दुसरी गळती उलट्या बाजूची आहे. त्या गणनेत महार म्हणून सुमारे ८० लाख लोक नोंदले गेले. अनुसूचित जातींतले सगळेच्या सगळे ५२ लाख बौद्ध पूर्वाश्रमीचे महार धरले, तरी निदान २८ लाख महार उरतात ज्यांच्या नावापुढे बौद्ध धर्म लागला नाही. म्हणजे एका बाजूला धर्म लिहिला आणि जात सुटली, दुसऱ्या बाजूला जात लिहिली आणि धर्म सुटला.

दुसऱ्या गळतीचे कारण आपण समजून घेतले पाहिजे, त्या लोकांना शिव्या देऊन उपयोग नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात फक्त हिंदू असलेल्यांनाच अनुसूचित जाती मानले होते. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना त्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. महाराष्ट्र सरकारने १९६० पासूनच नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राची नोकरी, केंद्राची शिष्यवृत्ती हवी असेल तर दाखल्यावर ‘हिंदू महार’ ठेवणे भाग होते. तीस-चौतीस वर्षे माणसे मनाने बौद्ध आणि दाखल्याने हिंदू राहिली. कायदा बदलला, भीती तशीच राहिली. आमच्या ओळखीच्या एका आजीने २०११ ला प्रगणकाला काय सांगितले ते आम्ही विचारले होते. त्या म्हणाल्या, “त्या मास्तरानं इचारलंच नाय. त्याला ठावं हुतं आमी कोण ते. त्यानंच लिवलं.” घरात बुद्धाची मूर्ती, दारावर पंचशील, आणि मास्तरांच्या कागदावर काय ते मास्तरांनाच ठाऊक!

पहिल्या गळतीबद्दल मात्र आम्हाला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रगणक आमच्या घरी आले तेव्हा वडील कामावर होते आणि दारात आम्ही उभे होतो. नुकतेच विद्यार्थी चळवळीत पडलो होतो, रक्त गरम होते. धर्म विचारला, आम्ही ‘बौद्ध’ म्हणालो. जात विचारली. आम्ही छाती काढून म्हणालो, “आम्ही जात सोडली आहे. आम्हाला जात नाही. बौद्ध लिहा.” ते गृहस्थ बिचारे म्हणाले, “तसं लिहिलं तर एस.सी.मध्ये येणार नाही बघा.” आम्ही त्यांनाच जातिअंतावर पाच मिनिटे भाषण दिले. त्यांनी मान हलवली आणि सांगितले तसे लिहून निघून गेले. वडील घरी आल्यावर आम्ही हा पराक्रम त्यांना रंगवून सांगितला. ते एवढेच म्हणाले, “म्हणजे घरातली पाच माणसं तू कमी केलीस.” त्या वेळी आम्हाला त्यांचा राग आला होता. पुढे समाजकार्यात आल्यावर जेव्हा ते १३ लाखांचे गणित स्वतः मांडले, तेव्हा त्यात आमची पाच माणसे आम्हाला दिसली. म्हणून सांगतो, हा लेख शहाण्याने अडाण्यांना केलेला उपदेश नाही.

आमचे काही तरुण मित्र यावर भांडतात. ते म्हणतात, बाबासाहेबांनी आपल्याला त्या नरकातून बाहेर काढले, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि तुम्ही पुन्हा ‘महार’ लिहायला सांगता? हा आक्षेप प्रामाणिक आहे. तो शब्द उच्चारताना आमचीही जीभ जड होते. पण मित्रांनो, धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना हे एकाच प्रकारचे प्रश्न नाहीत. धर्माचा रकाना विचारतो की तुम्ही काय स्वीकारले. जातीचा रकाना विचारतो की समाजाने तुमच्यावर काय लादले. पहिल्याचे उत्तर आपली निवड आहे. दुसरे उत्तर म्हणजे पंचनामा आहे. घरावर दरोडा पडल्यावर पोलिसांना काय काय गेले ते सांगायचे असते. ‘आम्ही ते विसरलो’ म्हटल्याने चोर सुटतो, घर भरत नाही. धम्म घेतल्यावर आपल्या मनातली जात गेली. घरमालकाच्या मनातली गेली का? ज्या दिवशी तो आडनावानंतरचा दुसरा प्रश्न विचारणार नाही, त्या दिवशी हा रकाना आपणच फाडून टाकू.

आणि हे फक्त भावनेचे प्रकरण नाही. अवसरी खुर्दसारख्या गावात एकेका कुटुंबाच्या नोंदीने काय फरक पडतो ते बघा. संविधानाच्या २४३ ड कलमानुसार ग्रामपंचायतीतल्या अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. लहान गावात पाच-सात घरे इकडची तिकडे झाली की एक जागा वर-खाली होऊ शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची जी योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते, तिचा निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांवर ठरतो. आपण आपल्याच हाताने आकडा खाली आणायचा आणि मग निधी नाही म्हणून मोर्चा काढायचा, हे कोणते शहाणपण?

गावाबाहेर गेलेल्यांचा प्रश्नही सोपा नाही. भोसरीत भाड्याने राहणारा आपला भाऊ जिथे राहतो तिथेच मोजला जाणार, ते बरोबरच आहे. दोन ठिकाणी नाव लावण्याचा सल्ला आम्ही देणार नाही, ते खोटे काम आहे आणि आपल्याला खोट्याची गरज नाही. पण तिथे भाड्याच्या खोलीत तो धर्म आणि जात नीट सांगतो का? की मालकाच्या कानावर जाईल म्हणून गप्प बसतो? हीच भीती फाट्यावरच्या त्या विद्यार्थ्याला आहे, हीच कोपीतल्या ऊसतोड कामगाराला आहे. नव्या उपनगरात राहणारा आपला माणूस आडनावाच्या आडोशाला लपून राहतो. गावात निदान आपली वस्ती एकजुटीने उभी असते, खोलीत माणूस एकटा असतो. म्हणून या वेळी कार्यकर्त्यांनी वस्तीपेक्षाही या खोल्यांकडे जास्त लक्ष द्यावे, अशी आमची सूचना आहे.

शेवटी शेजारच्या जुन्नरची एक गोष्ट. जुन्नरच्या डोंगरांत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत, बहुतेक सगळी बौद्ध. त्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. त्यात यवन आहेत, म्हणजे परदेशातून आलेले लोक. धान्याचे व्यापारी आहेत. एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाची ठेव सोपवल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या हाती विश्वासाने ठेव दिली गेली होती. आज बांबूकाम करणारा बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्या व्यवसायाला यादीत जाण्याची पाळी कोणी आणली, हा प्रश्न इतिहासाला विचारायचा आहे. पण त्या लेण्यांतून एक धडा घेता येतो. आपल्या धम्मबांधवांनी आपले नाव, गाव, काम दगडावर कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण त्यांच्याबद्दल ‘असतील’ असे म्हणत नाही, ‘होते’ असे म्हणतो.

तर काम असे आहे. या वेळची गणना मोबाइलवर होणार आहे. प्रगणक दारात आला की घरातल्या जाणत्या माणसाने समोर बसावे. धर्म : बौद्ध. अनुसूचित जाती : होय. जातीचे नाव : आपल्या जातप्रमाणपत्रावर पूर्वाश्रमीची जी जात आहे ती. महार असेल तर महार, मांग असेल तर मांग, चांभार असेल तर चांभार. काय भरले ते वाचून दाखवायला सांगावे. मास्तर ओळखीचे असले तरी लाजू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी आपल्यापैकी एकाने त्या वेळी जाऊन बसावे. एवढे काम एका वस्तीत दोन तरुण करू शकतात.

त्या नांदेडच्या मुलाने गावाची माहिती दिली, त्याला मार्कही मिळाले. परवा त्याचा फोन आला. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने आईला विचारले होते की मागच्या वेळी आपले काय लिहिले होते. आई म्हणाली, “कुणाला माहीत बाबा, लिहिलं असेल काहीतरी.”

तो म्हणाला, “दादा, या वेळी मी घरी थांबणार आहे.”

जयभीम! नमो बुद्धाय!